कुकरचा तुटलेला कान

आमच्या घरात पंखा आणि कूलर बंद करण्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. कारंजा घाडगेला हायवेला लागून बाबांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या दोन खोल्या. मधे दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. ऐन उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि नेमकं तेव्हाच बाबा दुकानातून ओरडायचे, "कूलर बंद करा वो!" ॲल्युमिनियम जोडताना टॉर्चच्या तोंडातून जो गॅस येतो तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा बसून राहावा लागतो. कूलरची एक झुळूक आली की ते पांघरूण उडतं, धातू काळा पडतो आणि जोडात बारीक भोकं राहतात. आईला हे सगळं पाठ होतं. तरी कूलरचं बटण दाबताना ती दर वेळी म्हणायची, "त्या लोखंडाच्या मढ्याले वारं सोसत नाई, अन् आमी मानसं इथं उकडून मरा." बाबा म्हणायचे, "लोखंड नाई, ॲल्युमिन हाय." त्यावर ती आणखीच चिडायची.

बाबा तरुणपणी नागपूरकडच्या एका कारखान्यात होते आणि हे काम तिथंच शिकले. तिथून ते गावी का परत आले हे त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. येताना लिलावातलं एक जुनं मशीन मात्र घेऊन आले. हायवेवर ट्रक होते, ट्रकवाल्यांसाठी ढाबे होते, आणि ढाब्यावर जेवायला थांबलेल्या ड्रायव्हरला कुणी ना कुणी सांगायचंच की गिअरबॉक्सचं झाकण तडकलं असेल तर दामू मिस्त्रीकडे जा, दुसरीकडे लोखंडासारखं जाळून ठेवतील. त्यामुळे आमच्या अंगणात कायम कुठल्या तरी इंजिनाचे अवयव पडलेले असायचे आणि सकाळी दात घासताना मी त्यातल्याच एखाद्यावर बसायची. डिझेलचा वास, एअर ब्रेकचा सुस्कारा, पलीकडच्या ढाब्यावर तव्यावर आपटणारा उलथना आणि दुकानात मशीन सुरू झालं की जमिनीतून पायात येणारी ती घरघर, या आवाजांवर मी वाढले. अजूनही फार शांत ठिकाणी मला झोप लागत नाही.

दुकानात गॅसचे दोन बाटले साखळीने भिंतीला बांधलेले असत, एक आरगॉनचा आणि एक हेलियमचा. दोन्हींच्या डोक्यावर दाब दाखवणारी घड्याळं होती आणि दोन्हींच्या नळ्या पुढे एकत्र होऊन टॉर्चला जात. पातळ पत्र्याला नुसता आरगॉन पुरतो. जाड ॲल्युमिनियमचं तसं नसतं. ते उष्णता पिऊन टाकतं. तुम्ही एका जागी आच द्यावी आणि ती क्षणात सगळ्या अंगभर पसरून जावी, जोडायच्या जागी काही उरूच नये, अशी त्याची तऱ्हा. मोठं मशीन असतं तर करंट वाढवून भागलं असतं, पण आमचं मशीन लहान होतं. म्हणून बाबा आरगॉनमध्ये हेलियम मिसळायचे. हेलियम मिसळला की टॉर्चची विजेची ज्योत जास्त तापते आणि खोल उतरते, जोड वरवर न राहता तळापासून धरतो. पण हा गॅस नागपूरहून यायचा. तिथला दुकानदार तो मुख्यतः फुग्यांसाठी विकायचा आणि लग्नसराईत आमच्या वाट्याला येईपर्यंत आठ-आठ दिवस जायचे. आई म्हणायची, "लोकायचे फुगे झाले की मंग आपला नंबर."

बारावीनंतर मी घरीच होते, दुकानात बाबांच्या हाताखाली. बघायला आलेल्या मंडळींनी एकदा मुलगी काय करते असं विचारलं तेव्हा आई घाईघाईनं "शिवणकाम" म्हणाली आणि बाबा खाली मान घालून हसत राहिले. मी जोडायची, तर शिवणकामच म्हणा. पहिल्या वर्षी तोंडापुढची काळी काच नीट न धरल्यामुळे दोनदा डोळे सुजले, आईनं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून मला दिवसभर निजवलं आणि बाबांशी अबोला धरला. दुसऱ्या वर्षी माझी जोडाची ओळ बाबांपेक्षा सारखी यायला लागली. हे बाबाच म्हणायचे, गिऱ्हाइकासमोर म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. जाड काम आधी गरम करून घ्यावं लागतं. किती तापलं हे कळायला बाबा त्यावर कपडे धुवायच्या साबणाची वडी ओढत. साबणाची रेघ बदामी झाली की पुरे. काळी झाली की जास्त झालं, मग थांबायचं, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळून खाली बसतं. आमच्या घरात भांड्याच्या साबणापेक्षा कपड्याचा साबण आधी संपायचा, तो असा.

आई तळेगावला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. सकाळी पहिल्या बसनं जायची आणि तीनच्या सुमारास यायची. रात्रीचं तिथेच राहणाऱ्या स्वयंपाकीण कमलमावशी बघायच्या. शंभरावर मुलींचं वरण तिथे एका भल्यामोठ्या ओतीव ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये शिजायचं. त्याच्या भिंती बोटभर जाड होत्या आणि काठाला सहा कान होते. प्रत्येक कानात एक बोल्ट, तो झाकणाच्या खाचेत उभा करून वरून नट आवळायचा, म्हणजे झाकण घट्ट बसायचं. एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती. आई मोठ्या कौतुकानं सांगत होती की त्या कुकरचा एक कान मोडून पंधरा दिवस झाले, पण तिचं आणि कमलमावशींचं काही अडलं नाही. ज्या बाजूचा कान मोडला त्या बाजूला झाकणावर त्यांनी मसाला वाटायचा पाटा ठेवला होता.

बाबांचा घास हातातच राहिला. "पाटा ठेवला?"

"चांगला जड हाय. हालत नाई."

"अवो, थे वाफ हाय. पाट्यासगट झाकण तोंडावर येईन तुमच्या." बाबा कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "उद्यापासून थो कुकर चढवायचा नाई."

"मंग शंभर पोरीयचं वरण तुमच्या टोपीत शिजवू का? तुमीच द्या ना जोडून. सारा हायवे येते तुमच्याकडे."

"ज्याच्यात वाफ कोंडते थे मी जोडत नाई."

हे मी आधीही ऐकलं होतं. एकदा एका हॉटेलवाल्याला बाबांनी असंच परत पाठवलं होतं. कारखान्यात असताना त्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी झालं होतं आणि ते त्यांनी स्वतः जोडलेल्या वस्तूचं होतं की दुसऱ्या कुणाच्या, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आईनं ताट उचललं आणि घासायला नेलं. पण तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहात उघड्या गंजांमध्ये, म्हणजे मोठाल्या पातेल्यांत, वरण शिजू लागलं, आणि त्याला भट्टीचा गॅस पुरेना म्हणून मागच्या अंगणातल्या लाकडाच्या चुलीवर. डाळ शिजायला दुप्पट वेळ लागायचा. ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे आणि घरी आली की ती पडद्यामागे बसून खोकत राहायची.

पुढच्या आठवड्यात आष्टीला आमच्या एका नातेवाइकांची तेरवी होती. बाबा चार दिवसांसाठी गेले. ते गेले त्याच दुपारी ओळखीच्या गजूभाऊंचा मालवाहू ऑटो दुकानासमोर थांबला आणि आई त्यातून उतरली. मागे तो कुकर होता, आणि मोडलेला कान तिच्या पदराच्या गाठीत.

"बाबाले आल्यावर सांगू," ती म्हणाली. "तुले जमते का?"

मला एकोणिसावं चालू होतं. असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी जमतं म्हणाले.

कामाला मी काही कमी ठेवलं नाही, हे आजही सांगते. ग्राइंडरनं दोन्ही बाजूंनी तिरपी खाच काढली, नुसत्या त्याच कामाला ठेवलेल्या तारेच्या ब्रशनं घासलं, कान शिकंज्यात बसवला आणि खालून गॅसच्या बर्नरची आच देऊन तापवायला घेतलं. तेव्हा त्या कुकरला वरणाचा वास यायला लागला. ओतीव धातूच्या पोटात बारीक छिद्रं असतात, त्यात वर्षानुवर्षांची डाळ, तेल, हळद मुरलेली होती, ती बाहेर येऊ लागली. पडद्यापलीकडून आई हसून म्हणाली, "काय शिजवून राह्यली वो?" मी ते काळं पुसून काढत राहिले, साबणाची रेघ ओढली, ती बदामी झाली, आणि मी काच तोंडावर घेतली. हेलियम मिसळला की ज्योत पेटताना जरा हट्ट करते आणि मग एकदम धारदार आवाजात चालू लागते. तळाची पहिली ओळ चार बोटं झाली असेल. मग तो आवाज बदलला. मऊ झाला. वितळलेल्या धातूचं डबकं सुस्तावलं, पुढे सरकेना, खाचेच्या तळाला भिजवेना, नुसतं वर येऊन बसू लागलं. मी काच वर करून पाहिलं. हेलियमच्या घड्याळाचा काटा खाली टेकला होता.

आरगॉन होता. त्यामुळे ज्योत विझली नव्हती आणि धातू काळाही पडत नव्हता. मशीनचा करंट आधीच शेवटच्या खुणेवर होता, आणखी वाढवायला जागा नव्हती. हेलियम नागपूरहून यायला आठ दिवस. गजूभाऊंचा ऑटो सकाळी सहाला येणार होता. आईला मी जमतं म्हणून बसले होते. मी आरगॉनची चावी थोडी वाढवली आणि जोडत गेले. थर चढत गेले, खाच भरली, आणि शेवटची वरची ओळ मी इतकी सारखी घातली की आजवर तशी दुसरी घातली नसेल. गार झाल्यावर आईनं त्यावरून बोट फिरवलं. "लय साजरं झालं, रंजू," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या हातानं बी असं नसतं झालं." मी खाली वाकून केबल गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

सकाळी ती कुकर घेऊन गेली. जाताना माझ्यासाठी भाकर झाकून ठेवली होती, ती मी खाल्ली. हे सांगायला मला लाज वाटते, पण मी ती पूर्ण खाल्ली, मिरचीच्या ठेच्याबरोबर. मग दुकानात झाडू मारायला गेले आणि हेलियमच्या बाटल्यासमोर उभी राहिले. तो काटा खालीच होता. रात्रभरात तो वर येईल असं मला वाटलं होतं की काय कोण जाणे. वरवर धरलेला जोड काय करतो हे मला बाबांनी शंभरदा दाखवलं होतं. तो पहिल्या दिवशी टिकतो. दुसऱ्या दिवशीही टिकतो. आणि त्याच्याजवळ उभं राहणारं माणूस निर्धास्त झालं की सुटतो. मी पडदा ओढला, दुकानाला कुलूप लावलं आणि बस पकडली. तळेगाव काही फार लांब नाही, पण त्या दिवशी बस वाटेत हात करणाऱ्या प्रत्येकासाठी थांबली आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की आता उतरून पळावं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरले तेव्हा कुकर भट्टीवर होता आणि झाकणाच्या कडेनं वाफ सूं सूं करत होती. आई त्याच्यापासून दोन हातांवर परातीत कणीक मळत बसली होती. चार-पाच मुली दारात उभ्या होत्या आणि ती त्यांना सांगत होती, "माह्या पोरीनं जोडला थो. पोरीची जात म्हनून शिकत नाई म्हनू नका."

"आई, भट्टी बंद कर. बाहेर चल. पोरींनो, मागं व्हा," मी म्हणाले. मी ओरडले असेन, कारण मुली खरोखरच पळाल्या. आई उठली नाही. मीच भट्टीची चावी फिरवली, तिला दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं आणि आम्ही कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. आतून वाफेचा आवाज येत होता. तो हळूहळू बारीक होत गेला. तेवढा वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी मोजला नाही, आणि मोजायचा प्रसंग कुणावर येऊ नये.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हेलियम संपला होता. तळाले धरलं नाई थे. वरून साजरं दिसते फक्त."

"कवा समजलं तुले?"

"जोडतानाच."

तिच्या हाताला कणीक लागलेली होती. ती बोटांनी सोलून काढत होती. "मंग मी हात फिरवला तवा तुले मालूम होतं?"

"हो."

"साजरं म्हटलं तवा?"

"हो आई."

कुकर पुरता गार झाला, झाकण उघडलं; वरण छान शिजलं होतं. तिनं ते दुसऱ्या भांड्यात काढलं, कुकर विसळला आणि स्वतः ओढत अंगणात आणला. मग लाकडं फोडायचा घण माझ्या हातात दिला. "फोड," म्हणाली. तिसऱ्या घावाला कान उडून मातीत पडला. मी तो उचलून पाहिला. चार बोटांएवढ्या जागेत धातू एकजीव झाला होता. बाकी सगळीकडे जुना तुटका भाग जसाच्या तसा होता, राखाडी, रवाळ, मी त्याला कधी हातही लावला नसावा असा. वर मात्र माझी ती सुंदर ओळ. कमलमावशींनी तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "चल, पोरी जेवाले बसतीन," आणि आत गेली.

बाबा परत आले तेव्हा तो कान मी त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "गेली कशी तळेगावले?" मी बसनं म्हणाले. त्यांनी मान हलवली. नवा हेलियम आला तेव्हा मीच धीर करून म्हणाले की आपण दोघं मिळून पुन्हा जोडू, या वेळेस बरोबर होईल. बाबा म्हणाले, "मले नोको विचारू. माही जबान तुले मालूम हाय. जिले त्याच्यापाशी उभं राह्यचं हाय तिले विचार."

आणि तिला विचारायची माझी हिंमत होईना. आई माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, केसांना तेल लावून द्यायची, कूलरवरून भांडायची. कुणाला काही वेगळं वाटलं नसतं. पण दुकानातलं काही ती मला विचारत नसे. पूर्वी पडद्यातून डोकावून "झालं का?" म्हणायची, ते बंद झालं. पावसाळाभर वसतिगृहात ओल्या लाकडांवरच स्वयंपाक झाला. ती तीनला यायची, पडद्यामागे बसायची आणि खोकायची. मी इकडे काच तोंडावर घेऊन काम करायची आणि मशीनच्या घरघरीतूनही मला तो खोकला ऐकू यायचा. खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं लोक सांगतात. माझं झालं नाही. त्याची झळ तिलाच बसत होती आणि ती रोज सकाळी पहिल्या बसनं जाऊन सोसत होती.

आता मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की वाफेचं भांडं जोडू नका, मोडीत घाला. बाबांचंच बरोबर होतं. पण तेव्हा नव्या कुकरसाठी केलेले अर्ज कुठल्या कुठे फिरत होते आणि मृग बहराची संत्री धरून झाडं लदबदली तरी त्यांचा पत्ता नव्हता. ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी आई आली, पदरानं तोंड पुसलं आणि खोकत खोकत खाटेवर बसली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आई, पुन्हा जोडू का?"

तिनं तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं. मग म्हणाली, "आनतो उद्या."

दुसऱ्या दिवशी कुकर आला. बाबांनी शब्द मोडला तो एका अटीवर: जोडल्यावर आत काठोकाठ पाणी भरून, झाकण आवळून, हातपंपानं दाब द्यायचा, वाफेच्या दुप्पट, आणि तो तासभर टिकला तरच कुकर दुकानातून बाहेर जाईल. पाण्यानं दाब दिला की जोड सुटला तरी नुसती गळती होते, कुणाच्या अंगावर काही येत नाही. हेलियमचा बाटला भरलेला होता. मी आधी दोन्ही घड्याळं पाहिली, मग खाच, मग पुन्हा घड्याळं. आई या खेपेला पडद्यापलीकडे बसली नाही. तिनं कूलर न सांगता बंद केला, स्टूल दुकानात आणलं आणि ज्योतीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो धारदार आवाज कुठे मऊ पडला नाही. घामानं माझा कुडता अंगाला चिकटला होता. मी टॉर्च खाली ठेवला आणि काच वर केली. भिंतीवरचा उजेड गेल्याचं बघून तिला कळलं.

ती वळली. जोडाकडे तिनं पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "पुरला का गॅस?"

"पुरला," मी म्हणाले. "उरला बी."

"बरं."

बाबा हातपंपाची नळी शोधत होते. पाणी भरायचं होतं, दाब द्यायचा होता, तासभर थांबायचं होतं. आई स्टूलवरून उठली, बाहेर रस्त्याच्या कडेला ऑटोत पाय वर घेऊन बसलेल्या गजूभाऊंपाशी गेली, आणि मला आतून ऐकू आलं, "सकाळी सहाले येजो, भाऊ. उद्याचं वरण ह्याच्यातच लावतो."